पाणी वाचतं, पण तेच पाणी तापतं त्याचं काय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मातीविना शेतीवर, म्हणजे हायड्रोपोनिक्सवर पानभर लेख आला होता, पांढऱ्या पाईपांतून डोकावणाऱ्या सॅलडच्या पानांचा मोठा फोटो आणि वर ठळक अक्षरात की ९० टक्के पाणी वाचतं, दुष्काळी भागाला वरदान वगैरे. लेख चांगला होता, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय हे दिसतं. पण तो वाचून त्याच दिवशी मला ओळखीतल्या तिघांचे फोन आले, ताई तुम्ही हे केलंय ना, आम्हीपण टाकायचं म्हणतोय, एकाचं शेत दौंडकडे, एकाचं इंदापूरला आणि तिसरे तर बँकेत कर्जाचं विचारून आलेले. तिघांना जे फोनवर सांगितलं तेच सगळं इथं लिहितेय, पत्र लांबलंय त्याबद्दल माफी असावी, पण कृपया मधलं कापू नका, कारण मधलंच महत्त्वाचं आहे.

आम्ही राहतो हडपसरला, शेती शिरूर तालुक्यात. पुण्यात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशे पडला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. सह्याद्रीच्या आडोशाची जमीन, ढग येतात आणि डोक्यावरून निघून जातात. विहीर मार्चला तळ दाखवते, मग बोअर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्यावर पांढरा थर बसतो. अशा ठिकाणी कोणी येऊन सांगितलं की कमी पाण्यात दहापट पीक येतं तर माणूस ऐकणारच, आम्हीपण ऐकलं.

पाच गुंठ्याचं पॉलिहाऊस उभं केलं. एका बाजूला कूलिंग पॅड, समोरच्या बाजूला दीड एचपीचे तीन मोठे पंखे, आत एनएफटीचे चॅनल. म्हणजे माती नाही, चौकोनी पाईपातून खताच्या पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहत असतो, रोपाच्या मुळ्या त्यात लोंबतात आणि पाणी फिरून परत टाकीत येतं. ज्या कंपनीने बसवून दिलं तिचं नाव इथं लिहीत नाही, लिहून आता काही मिळणार नाही. नोव्हेंबरात लावलं आणि खरंच सांगते डिसेंबर जानेवारीत ते बघून डोळ्याचं पारणं फिटायचं. लेट्यूस, बेसिल, पोकचॉय, कोरेगाव पार्क आणि बाणेरच्या हॉटेलांना माल जायचा, पैसे वेळेवर यायचे. दिवसाला हजारएक लिटर पाण्यात पाच गुंठे भागत होतं. माझे दीर तर गावात सगळ्यांना आणून दाखवायचे.

मग एप्रिल आला.

ती सकाळ मला अजून दिसते. मी शनिवारी हडपसरहून गेले, आत शिरले तर वास आला, फुलदाणीतलं साठलेलं पाणी आठ दिवस बदललं नाही की येतो तसा. रोपं वरून हिरवीच होती, फक्त दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी परत उभी राहायची म्हणून दिरांना वाटत होतं ऊन जास्त आहे. मी एका चॅनलचं झाकण काढलं आणि रोप उचललं. जानेवारीत जी मुळी पांढरीशुभ्र, शेवयांच्या गुंत्यासारखी असायची ती तपकिरी, चिकट झाली होती आणि बोटात धरून ओढली तर वरचं साल निघून आलं आणि हातात नुसता दोरा राहिला. दुसरं उचललं तसंच, तिसरं तसंच. टाकीत थर्मामीटर बुडवला तर सकाळी दहाला ३१ आणि दुपारी तीनला ३४ अंश. आठ दिवसांत पाचही गुंठे काढून फेकावे लागले.

हे का झालं ते आम्हाला नंतर कळलं, आणि कळल्यावर जास्त वाईट वाटलं कारण ते शाळेतलं विज्ञान आहे. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. तुम्ही म्हणाल दीड मिलिग्रॅमने काय होतं, पण त्याच वेळी गरम पाण्यात मुळीचा श्वास वाढलेला असतो, म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. मुळी गुदमरते, आणि गुदमरलेल्या मुळीवर पिथियम नावाची बुरशी बसते जी आपल्याकडे रोपवाटिकेत रोपं कोलमडतात तेव्हा असते तीच. मातीत ही बुरशी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला वेळ लागतो. इथं एकच पाणी सगळ्या रोपांतून फिरतंय, एका मुळीला झालं की संध्याकाळपर्यंत सगळ्या घराला झालं. लेट्यूसला पाण्याचं तापमान २० ते २४ अंशांत हवं. आमचं दहा अंश वर होतं आणि आम्ही हवेच्या तापमानाकडे बघत बसलो होतो, पाण्यात बोट घालून कोणी बघितलं नाही.

कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला चिलर लावा. म्हणजे आता खताचं पाणी गार करायला फ्रिज. त्याचं बिल कोण भरणार हे त्याने सांगितलं नाही.

साहेब, मला एवढंच म्हणायचंय की आपल्या भागात हायड्रोपोनिक्सची अडचण पाणी ही नाहीच, अडचण उष्णता आहे. पाणी वाचतं हे खरं आहे, शंभर टक्के खरं आहे, पण ते वाचवायला जी थंडाई लागते तिची किंमत विजेत मोजावी लागते आणि कधी कधी परत पाण्यातच मोजावी लागते. हे कुठल्याच लेखात, माहितीपत्रकात, प्रदर्शनातल्या स्टॉलवर सांगत नाहीत.

पाण्यातच कशी ते सांगते. कूलिंग पॅड म्हणजे काय तर आपला माठ, नाहीतर नागपूरकडे लावतात ते वाळ्याचे पडदे. कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढली की पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता ओढून घेते, एका लिटरला जवळजवळ पाऊण युनिट विजेएवढी. हवा जितकी कोरडी तितकं गार. एप्रिलमध्ये दुपारी ४० अंश आणि हवेत ओलावा २० टक्के असेल तर चांगला पॅड २६-२७ पर्यंत खाली आणू शकतो, आत पाऊल टाकलं की स्वर्ग वाटतो. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही तसा जुलैत पॅड काहीच करत नाही, पण तेव्हा बाहेरच २८ असतं म्हणून निभावतं. म्हणजे कोरडा उन्हाळा हा पॅडच्या फायद्याचाच आहे, तंत्र बरोबरच आहे. पण त्या एप्रिलात आम्ही पॅडची टाकी मोजून भरली तेव्हा दुपारच्या पाच-सहा तासांत चार हजार लिटर पाणी गेलं. सॅलडला हजार आणि पॅडला चार हजार! जे पाणी वाचवायला एवढा खटाटोप केला त्याच्या चौपट हवेत उडून पंख्यातून बाहेर. ते सुद्धा बोअरचं जड पाणी, पॅडच्या कागदी घड्यांत क्षार साठून पांढरी खरपुडी धरली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात अर्धा पॅड चोंदलेला.

आणि वीज. २०१५ मध्ये अमेरिकेत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी यूमा नावाच्या वाळवंटी भागासाठी लेट्यूसचा हिशोब मांडला होता, तो मला एका कृषी अधिकाऱ्यांनी दाखवला. शेतातल्या लेट्यूसला किलोमागे २५० लिटर पाणी, हायड्रोपोनिक्सला २०. उत्पादन जागेच्या मानाने ११ पट. हे दोन आकडे सगळे सांगतात. तिसरा आकडा असा की शेतातल्या लेट्यूसला किलोमागे ११०० किलोज्यूल ऊर्जा आणि हायड्रोपोनिक्सच्या ग्रीनहाऊसला ९०,००० किलोज्यूल, म्हणजे एका किलोला २५ युनिट, ८२ पट! त्यातली बहुतेक घर गार-गरम ठेवण्यात जाते. हा तिसरा आकडा छापायला जागा कधीच पुरत नाही असं दिसतं, म्हणून विनंती की माझ्या पत्रातला तरी ठेवा.

आता आमच्याकडची वीज कशी ते पूर्व पुणे जिल्ह्यातल्या कोणालाही विचारा. शेतीचं थ्री फेज आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने. भाताला, उसाला रात्री पाणी देता येतं, माणूस बॅटरी घेऊन बिबट्याच्या भीतीत जातो पण देतो. पण कूलिंग पॅडला रात्री वीज देऊन काय उपयोग, त्याला दुपारी बारा ते पाच हवी, नेमका तेव्हा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ट्रिप होतो. एनएफटीत पाणी काही मिलिमीटरच असतं, पंप बंद पडला की एप्रिलच्या दुपारी अर्ध्या तासात मुळ्या सुकायला लागतात. आमचे दीर एकदा जेवायला बसलेले, पंख्यांचा आवाज बंद झाला तसे ताटावरून उठून जनरेटरकडे पळाले, दोरी ओढून ओढून खांदा धरला. त्या दिवसापासून घरात पंखा बंद झाला तरी ते दचकतात.

जगात वाळवंटात हे जमवलंय, नाही असं नाही. पण कसं जमवलं ते नीट बघितलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाजवळ २०१६ मध्ये २० हेक्टरचं ग्रीनहाऊस सुरू झालं, टोमॅटोचं. तिथं समुद्राची खाडी शेजारी, २३ हजारांवर आरसे लावून मनोऱ्यावर ऊन एकवटायचं, त्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि त्यातूनच वीजही. स्पेनमध्ये आल्मेरियाला ३० हजार हेक्टरच्या वर प्लास्टिकची घरं आहेत, सगळा कोरडा मुलूख, पण तिथं बहुतेकांकडे पंखेही नाहीत आणि पॅडही नाहीत. उन्हाळा आला की प्लास्टिकवर चुना मारतात, खिडक्या उघडतात, आणि सर्वात कडक दिवसांत बरेच जण घर रिकामं ठेवतात, नवीन लावण ऊन उतरल्यावर. इस्रायलने ठिबक आणलं, १९६५ पासून त्याचा कारखाना वाळवंटातल्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या गावात. ज्याने त्याने आपल्याकडे काय आहे ते बघून उष्णतेवर तोड काढली. आम्ही मात्र जी एनएफटी लावली ती इंग्लंडमध्ये अॅलन कूपर यांनी १९६० च्या दशकात शोधलेली, तिथं काचघर गरम कसं ठेवायचं हा प्रश्न असतो. जशीच्या तशी उचलली आणि शिरूरला ठेवली.

खरं तर आपल्या देशात याचा साधा प्रकार कधीच झालेला आहे. १९४० च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये खडी-वाळूचे वाफे करून, वरून कोरडं खत भुरभुरून आणि झारीने पाणी घालून मातीविना पिकं काढली होती, ना पंप ना वीज. खडी-वाळू ओल धरून ठेवते म्हणून पाणी तासभर उशिरा मिळालं तरी झाड मरत नाही.

आणि सावलीचं म्हणाल तर आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, जे सांगितलं ते ऐकून मी गप्प बसले. त्यांच्या मामाचा पानमळा होता. नागवेलीला कोरडं ऊन आणि वारा अजिबात चालत नाही, तरी ती आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पिकली. कशी, तर शेवरी, पांगारा, शेवगा दाट लावून, त्यावर वेल चढवून, भोवती वाऱ्याला आडोसा बांधून, पाटाने वरचेवर पाणी. आबा म्हणाले, मे महिन्यात बाहेर पाय भाजायचे आणि मळ्यात गेलं की अंगावर शहारा यायचा, आणि तिथं चप्पल घालून जायला बंदी होती. हे पण ग्रीनहाऊसच झालं की, फक्त प्लास्टिकच्या ऐवजी पानांचं. आबांनी मला विचारलं, सूनबाई तुमच्या त्या घरात आधी ऊन आत घेता आणि मग ते पंख्याने बाहेर काढता, मुळात एवढं ऊन आत कशाला घेता?

त्या प्रश्नावर आम्ही दुसऱ्या वर्षी सगळं बदललं. काय केलं ते सविस्तर लिहिते कारण फोन करणाऱ्यांना हेच हवं असतं.

एनएफटी काढून टाकली, विकायला गेलो तर भंगाराचा भाव आला, दिला. त्या जागी कोकोपीटच्या ग्रो बॅग आणि ठिबक. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तो आधी धुवून घ्यावा लागतो नाहीतर त्यातलं मीठ रोपाला लागतं, आणि धुताना कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवला की सोडियम सुटून येतं. पिशवी स्वतःच पाणी धरते त्यामुळे वीज दोन-तीन तास गेली तरी धीर असतो. लेट्यूस फक्त सप्टेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात काकडी आणि रंगीत ढोबळी. टोमॅटो करून बघितला पण रात्र गरम राहिली आणि दिवसा ३५ च्या वर गेलं की परागच मरतात, फुलं गळून खाली सडा पडतो, त्यामुळे मार्च ते मे टोमॅटो धरायचा नाही हे ठरवून टाकलं. त्यात नारायणगावचा टोमॅटो बाजारात आला की पॉलिहाऊसवाल्याने त्या भावाशी झुंजायचंच नाही.

छपराला मार्चच्या पहिल्या आठवड्यात चुना. त्याच्या खाली ओढता येईल अशी पन्नास टक्क्यांची शेडनेट, सकाळी दहाला ओढायची, चारला सोडायची. ढगाळ दिवशी सोडूनच ठेवायची, नाहीतर झाड सावलीत लांबतं आणि फूल धरत नाही, हे दिरांना पटवायला वेळ लागला. शिखराची खिडकी मोठी केली, गरम हवा वर जाते तिला वाट पाहिजे. बाजूला किड्यांची जाळी होती ती इतकी बारीक होती की वाराच आत येत नव्हता, म्हणून जाळी तीच ठेवली पण तिचा पृष्ठभाग वाढवला, बाहेर फुगवून बसवली. पॅड अजून आहे पण आता तो वर्षातून चाळीस-पन्नास दुपारी चालतो, आधी सगळा उन्हाळा चालायचा. एक खबरदारी सांगते, आतली हवा फार कोरडी झाली की लाल कोळी ही बारीक कीड अशी काही वाढते की ढोबळीची पानं आठवड्यात तांबूस पडतात, त्यामुळे दुपारी पायवाटांवर पाणी मारावं लागतं.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणाल तर खताच्या पाण्याची टाकी जमिनीत गाडल्याने. काळी सिंटेक्सची टाकी उन्हात उभी होती हो! ती पाच फूट खड्ड्यात उतरवली, वर पत्रा, पत्र्यावर गोणपाट, गोणपाटावर पाचट. लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, पांढऱ्या घेतल्या आणि मेन लाईन मातीखाली. खर्च जेसीबीच्या दोन तासांचा. मे महिन्यात दुपारी तीनला टाकीतलं पाणी २७ च्या वर गेलं नाही. चिलर नाही, काही नाही.

आणि पाऊस. याबद्दल मला सगळ्यात कळकळीने लिहायचंय. दहा गुंठ्याच्या छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर होतात, गुणाकार करून बघा, हजार चौरस मीटर गुणिले अर्धा मीटर. सांडलं-गळलं सोडून चार लाख धरा. दहा गुंठ्यातल्या पिकाला दिवसाला अडीच हजार लिटर धरले तर पाच महिन्यांचं पाणी आपल्याच डोक्यावर पडतं आणि पन्हाळीतून बांधावर वाहून जातं! आणि ते पाणी कसलं, तर क्षार नसलेलं. हायड्रोपोनिक्सला ह्याच पाण्याची गरज असते. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट इतकं की पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, साडेपाच-सहावर आणायला रोज अॅसिड ओतावं लागतं, आणि आरओ लावला तर निम्मं पाणी खारट होऊन बाहेर फेकायचं, दुष्काळी गावात ते बघवत नाही. आम्ही गटरची पाईप शेततळ्याकडे वळवली, तळ्याला प्लास्टिकचा कागद होताच. तळं उघडं असलं तर एप्रिल-मेमध्ये रोज सात-आठ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं म्हणून वरून जुनी शेडनेट ताणली, तारेवर. आता पावसाचं आणि बोअरचं मिसळून वापरतो, पाण्यातले क्षार दाखवणारा ईसी मीटर बघून, लेट्यूसला दीडच्या आसपास, ढोबळीला दोन-अडीच. पिशव्यांतून जे निथळतं ते चारीने लिंबाच्या आणि शेवग्याच्या झाडांना जातं. ते विहिरीच्या बाजूला अजिबात सोडू नये, त्यात नायट्रेट असतं आणि तीच विहीर आपण पितो.

हे सगळं करून आम्ही श्रीमंत झालो असं नाही. कर्जाचे हप्ते चालू आहेत. मार्केट यार्डात ढोबळीचा भाव पडला की आडत, हमाली, टेम्पो जाऊन क्रेटमागे काय उरतं ते शेतकऱ्यालाच माहीत. मागच्या वर्षी वळवाच्या वाऱ्याने एका बाजूचा कागद फाटला, तो बदलायचा खर्च झाला. पण दोन उन्हाळे घर रिकामं न ठेवता आणि मुळ्या न सडवता काढलेत.

आता सरकारकडे मागणं. पॉलिहाऊसला फलोत्पादन अभियानातून ५० टक्के अनुदान मिळतं, चांगली गोष्ट आहे, त्याशिवाय आमच्यासारख्याला उभं करणं शक्यच नव्हतं. पण अनुदानाचा कागद लोखंडाची जाडी, प्लास्टिकचे मायक्रॉन, चौरस मीटर यावर चालतो. त्यात छपराचं पाणी साठवायची सोय आहे का, खताची टाकी जमिनीत आहे का, शेडनेट आतून ओढता येते का, शिखराला खिडकी किती, हे विचारून त्यावर पैसे द्या ना. पश्चिमेला मावळात गुलाबाचं पॉलिहाऊस आणि पूर्वेला इंदापूर, शिरूर, दौंडचं पॉलिहाऊस एकाच नकाशावर कसं चालेल? मावळात पावसाची ओल आणि डोंगराची हवा, आमच्याकडे फुफाटा. तळेगावला काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत पॉलिहाऊसचं प्रशिक्षण चांगलं मिळतं, बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, भाजीपाल्याचं इंडो-डच केंद्र आहे, नारायणगावला केंद्र आहे, तिथली माणसं मनापासून सांगतात हा आमचा अनुभव आहे. ह्या केंद्रांनी कोरड्या तालुक्यांसाठी वेगळा नमुना आराखडा करून द्यावा आणि अनुदान त्याला जोडावं. आणि महावितरणकडे एकच विनंती, पॉलिहाऊसच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, मार्च ते मे दुपारी वीज ठेवा, रात्रीची नको. सौर वाहिनीचं काम सुरू आहे म्हणतात, ते जिथं झालंय तिथं दिवसा वीज येते असं ऐकून आहे, आमच्या फीडरची आम्ही वाट बघतोय.

जे आत्ता कर्ज काढायच्या विचारात आहेत त्यांनी निदान एवढं करावं की आधी पाण्याची तपासणी, मग ज्या कंपनीशी बोलताय तिने आपल्याच तालुक्यात उभं केलेलं एखादं घर मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता जाऊन बघावं. डिसेंबरात नका बघू, डिसेंबरात सगळीच घरं सुंदर दिसतात. बरोबर वीस रुपयांचं का होईना थर्मामीटर न्या आणि हवेत नको, टाकीत बुडवा. मालकाला मागच्या एप्रिलचं वीजबिल दाखवायला सांगा. आणि परत खरेदीची हमी देतो, तुम्ही नुसतं पिकवा, असं कोणी म्हणालं तर कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

पुण्यातल्या गच्चीवर ज्यांनी हौसेने दोन-चार पाईप लावलेत त्यांनाही, टाकी सावलीत आणा, पांढरा रंग द्या, मे महिन्यात अळू-पुदिना लावा आणि लेट्यूस गणपतीनंतर.

शेवटी संपादक साहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या पेपरात रोज पुण्याचं कमाल किमान तापमान येतं, शिवाजीनगरचं. आमच्या कामाला नुसतं तापमान पुरत नाही, हवेतला ओलावा लागतो, कारण पॅड किती गार करणार, कोळी वाढणार की बुरशी, नेट ओढायची की नाही, हे त्यावर ठरतं. शेतीचं हवामानशास्त्र म्हणून स्वतंत्र विभाग हवामान खात्याने १९३२ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू केला, एल. ए. रामदास यांच्यासारखा माणूस तिथं पिकाच्या भोवतालची हवा मोजत बसायचा, हवामान खात्याच्या त्या सिमला ऑफिसवरून रोज शेकडो बस जातात. त्याच शहराच्या पेपरात मार्च ते मे एक छोटी चौकट द्या, शिवाजीनगर, शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, जिथली नोंद मिळेल तिथली, संध्याकाळी साडेपाचचा ओलावा किती टक्के होता एवढंच. दोन ओळींची जागा लागेल. आमचे दीर सकाळी पेपर उघडून आधी तीच चौकट बघतील, आणि आमच्यासारखे बरेच आहेत.

आपली नियमित वाचक,
हडपसर, पुणे